दारचा हत्ती

आपल्या भाषेत एखाद्याच्या ऐश्वर्याचे वर्णन करायचे झाले म्हणजे ‘त्याच्या दारी हत्ती झुलत होते’ असे म्हणण्याची पद्धत आहे. या वर्णनात हत्तीचा उल्लेख येतो, माहुताचा येत नाही. आणि हत्तीला रोज लागणाऱ्या चाऱ्याचा तर मुळीच येत नाही. मोडकळीस आलेल्या एखाद्या घराण्याचा हत्ती कोणाला स्वस्तात मिळूही शकेल. परंतु स्वस्तात मिळाला म्हणून तो चारा कमी खाईल, असे मात्र नाही. आज मला बोलायचे आहे ते हत्तीविषयी नव्हे, मोटारीविषयी. पण वरची एवढी गोष्ट मोटारीलाही तंतोतंत लागू पडते.

एके काळी केवळ धनिकांनाच परवडणारी आलिशान मोटार वीस-पंचवीस वर्षांनी माझ्यासारख्या पगारदार माणसाच्या आवाक्यात येते. ती घ्यावी का, घेतली तर कशी बाळगावी, आणि ती जुनी होते म्हणजे तिच्यात नेमके काय जुने होते, हा आजचा विषय. मी यंत्रशास्त्राचा पदवीधर नाही. इतिहास घेऊन एम. ए. झालो आणि सरकारी नोकरीत शिरलो. तेव्हा जे सांगणार आहे ते पुस्तकातले थोडे आणि खिशाला चाट लागून शिकलेले पुष्कळ, असे आहे.

माझी मोटार म्हणजे १९९६ साली पुण्याजवळ पिंपरीला जुळणी झालेली मर्सिडीज-बेंझ, अडीच लिटरच्या पाच सिलिंडरी डिझेल इंजिनाची. या मोटारीची हकिगत थोडक्यात सांगितली पाहिजे. मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी आपल्या देशात प्रथम सर्वांच्या परिचयाची झाली ती मोटारींमुळे नव्हे, मालट्रकांमुळे. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला बनलेले ट्रक ती चांदणी मिरवीत देशभर धावू लागले. तो करार १९६९ मध्ये संपला. पुढे १९९३ साली सरकारने मोटार-उद्योगावरील परवान्याचे बंधन काढून टाकले, १९९४ मध्ये या दोघांचीच भागीदारीची नवी कंपनी स्थापन झाली, आणि १९९५ पासून पिंपरीच्या आवारात मोटारींची जुळणी सुरू झाली. तोवर ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्यापलीकडे ऐषारामी म्हणाव्यात अशा देशी मोटारी मोजक्याच, त्यांपैकी एक म्हणजे १९८४ साली निघालेली काँटेसा. अशा काळात ही जर्मन घडणीची मोटार उद्योगपतींच्या आणि मोठ्या वकील-डॉक्टरांच्या दारी दिसू लागली.

जर्मनीत या मालिकेचा आरंभ १९८४ च्या अखेरीस झाला होता आणि कारखान्यात तिची ओळख १२४ या आकड्याने होती. सर्व प्रकार मिळून तिच्या पंचवीस लाखांहून अधिक मोटारी निघाल्या. पुढच्या काचेवर पाणी पुसायला दोनांऐवजी एकच दांडा, पण तो फिरता फिरता लांब-आखूड होत काचेचा सुमारे ८६ टक्के भाग पुसून काढणारा. आणि मागच्या प्रत्येक चाकाला पाच निरनिराळे दांडे, जेणेकरून चाक खड्ड्यात वरखाली झाले तरी रस्त्याशी त्याचा कोन बदलू नये. असा विचार तिच्या प्रत्येक अंगात केलेला दिसतो.

ही मोटार मी २०१६ साली घेतली. पहिला मालक कारखानदार, दुसरा ठेकेदार, तिसरा मी. किंमत दोन लाख चाळीस हजार रुपये. म्हणजे तेव्हाच्या नव्या छोट्या मोटारीहूनही कमी. केंद्र सरकारच्या नोकराने दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम वस्तू घेतली तर १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे महिन्याच्या आत वरिष्ठांना कळवावे लागते. त्याप्रमाणे मी कळवले. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी बोलावून घेतले आणि कागदावर बोट ठेवून विचारले, “मोटारीचे नाव बरोबर आहे, की किमतीतले एक शून्य राहिले आहे?” मी सांगितले, दोन्ही बरोबर आहे. ते हसले आणि म्हणाले, “मग उरलेले शून्य तुम्ही दुरुस्तीत भराल.”

या विनोदात अर्थशास्त्राचा एक नियम दडलेला होता, हे मला वर्षभराने समजले. मोटारीची बाजारातली किंमत वर्षागणिक उतरते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र उतरत नाही. तो भाग ज्या दर्जाच्या मोटारीसाठी बनवला, त्या दर्जाचीच त्याची किंमत राहते. किंबहुना मोटार इतकी उतरते ती त्यामुळेच. तिला नीट राखायचे तर किती खर्च येईल, याचा अंदाज बाजाराला असतो, आणि विकणाऱ्याने ज्या दुरुस्त्या वर्षानुवर्षे पुढे ढकललेल्या असतात त्यांची वजावट होऊन ती किंमत ठरलेली असते. तेव्हा स्वस्त मिळाली म्हणून आपण जिंकलो, असे समजू नये. ढकललेल्या दुरुस्त्यांचे कर्ज आपल्या नावावर चढले, एवढाच त्याचा अर्थ.

आता मुख्य प्रश्न. अशा मोटारीत जुने काय होते? आपली सर्वसाधारण समजूत अशी की इंजिन झिजते, लोखंड गंजते, आणि मोटार म्हातारी होते. माझीही हीच समजूत होती. मोटार घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात पुण्याच्या खडबडीत रस्त्यांवर मागून धडधड असा आवाज येऊ लागला, स्टीअरिंग किंचित थरथरू लागले, आणि उभ्या मोटारीत इंजिनाची थरथर पायांपर्यंत पोहोचू लागली. ओळखीच्या एकाने एका जुन्या मिस्त्रींकडे नेले. सत्तरीला टेकलेले, अंगाने किडकिडीत गृहस्थ. त्यांनी मोटार खड्ड्यावर घेतली, खाली उतरून एका लांब पहारीने इकडे तिकडे दाब देऊन पाहिला, आणि वर येऊन हात पुसत म्हणाले, “साहेब, लोखंडाला काही झालेलं नाही. रबर मेलंय.”

त्या चार शब्दांत या सगळ्या विषयाचे सार आले आहे, असे मला आज वाटते. साध्या मोटारीपेक्षा आलिशान मोटार वेगळी कशाने होते? तिच्यात लोखंड अधिक असते म्हणून नव्हे. रस्ता आणि बसणारा माणूस, इंजिन आणि सांगाडा, यांच्यामध्ये मऊ पदार्थांचे थर अधिक काळजीने घातलेले असतात, म्हणून. मागच्या चाकांच्या पाच-पाच दांड्यांच्या टोकांना रबरी बुश असतात. ते दांडे ज्या चौकटीला जोडलेले असतात ती चौकट पुन्हा चार मोठ्या रबरांवर बसवलेली असते. इंजिन ज्या बैठकांवर, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत ‘फाउंडेशन’वर, टेकलेले असते त्याही रबराच्या. इंजिनाची शक्ती मागे नेणाऱ्या दांड्याच्या दोन्ही टोकांना रबरी चकत्या असतात. दरवाजांच्या कडांना रबरी पट्ट्या असतात, म्हणून आत वाऱ्याचा आवाज येत नाही. दरवाजांची कुलुपे एकदम उघडतात-मिटतात ती हवेच्या दाबावर, बारीक नळ्यांतून. गादीतला फोम, आसनाचे कातडे, ब्रेकमधले तेल, इंजिनाभोवती फिरणारे पाणी, ही सारी मृदू आणि द्रव मंडळी. जिला आपण ऐषाराम म्हणतो तो बहुतांशी यांच्या अंगी असतो.

आणि काळ पहिला घाला घालतो तो यांच्यावरच. झाडाच्या चिकापासून मिळणारे कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. चार्ल्स गुडइयर याला १८३९ साली आढळले की त्यात गंधक मिसळून तापवले तर ते लवचीक आणि टिकाऊ होते. रबराच्या लांबच लांब रेणूंमध्ये गंधकाचे सांधे जुळतात, म्हणून ते ताणले तरी पूर्ववत होते. पण हवेतला प्राणवायू, ओझोन, उष्णता आणि तेलाचे थेंब त्या रेणूंवर आपले काम गुपचूप चालूच ठेवतात. कुठे सांधे वाढून रबर कडक होते, कुठे रेणूच तुटून त्याला भेगा पडतात. या क्रियेला मोटार चालण्याची गरज नसते. ती उभी असली तरी रबर म्हातारे होतच असते. म्हणून “फक्त साठ हजार किलोमीटर चालली आहे हो” या विकणाऱ्याच्या वाक्यावर भाळू नये. किलोमीटर लोखंडाचे वय सांगतात. रबराचे वय वर्षांनीच मोजावे लागते. टायरच्या बाजूला तर ते लिहिलेलेच असते. २००० सालापासून तिथे चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या मोटारीची चारही टायरे नक्षीने नवी कोरी दिसत होती, आणि आकडे वाचले तेव्हा ती अकरा वर्षांची निघाली.

ब्रेकच्या तेलाची गोष्टही अशीच. ते हवेतील ओलावा शोषून घेते. प्रचलित चौथ्या प्रतीचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटाच्या उतारावर ब्रेक सतत दाबावा लागला, तेल तापून त्यात वाफ झाली, तर पाय दाबला जातो आणि मोटार थांबत नाही. तेलाचा रंग पाहून हे नेहमी कळत नाही; म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. खंबाटकी किंवा कसारा घाट उतरणाऱ्याने तर हा खर्च मुळीच टाळू नये.

पहिल्या वर्षी मी एक वही घातली. तीत तारीख, मोटार किती चालली, काय बदलले, का बदलले आणि किती लागले, एवढे पाच रकाने आखले. कचेरीत दिवसभर नोंदी पाहणाऱ्या माणसाला घरीही दुसरे काही सुचत नाही, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत पडले. वर्षाअखेर बेरीज एक लाख पंचावन्न हजार झाली. म्हणजे किमतीच्या निम्म्याहून पुष्कळ अधिक. त्या यादीकडे पाहता एक गोष्ट लक्षात आली. बुश, फाउंडेशन, चकत्या, रेडिएटरच्या नळ्या, टायरे, ऑइल सील, तेले. लोखंडाच्या नावे एकच नोंद होती, ती पुढच्या ब्रेकच्या दोन तबकड्यांची. पण त्या वर्षानंतर मोटारीत बसले की रस्ता दूर गेल्यासारखा वाटू लागला. पहिल्या मालकाने वीस वर्षांपूर्वी ज्यासाठी पैसे मोजले ते मला तेव्हा प्रथम मिळाले.

दुरुस्तीचा दुसरा धडा २०१७ च्या पावसाळ्यातला. सकाळी इंजिन लवकर सुरू होईना. किल्ली बराच वेळ फिरवून धरावी, तेव्हा पांढरट धूर सोडीत ते एकदाचे बोलू लागे. मग दिवसभर तक्रार नाही. एका मोठ्या, चकचकीत गॅरेजात मोटार दाखवली. त्यांनी संगणकावर काढलेला अंदाज हाती दिला: डिझेलचा पंप काढून तो संपूर्ण नवा करणे. रक्कम मोटारीच्या किमतीच्या अर्ध्याच्या पुढे. मी तो कागद घेऊन मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी कागद वाचला नाही. विचारले, “त्रास सकाळीच होतो, की दुपारी गरम असतानाही?”

या एका प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी डिझेल इंजिन कसे चालते ते थोडे सांगायला हवे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते. डिझेलमध्ये पडत नाही. त्यात हवा इतकी दाबली जाते, माझ्या इंजिनात सुमारे बाविसाव्या हिश्शापर्यंत, की ती दाबामुळेच तापते, आणि त्या तप्त हवेत डिझेलचा फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. फवारा उडवण्यासाठी पंपाला फार मोठा दाब निर्माण करावा लागतो. आता पंप झिजला असता तर गरमपणी त्रास वाढायला हवा होता. कारण तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या फटींतून अधिक निसटते. इथे तर उलट होते. म्हणजे संशय दोघांवर उरला: थंड इंजिनाला ऊब देणाऱ्या तापत्या तारा, किंवा रात्रीतून नळ्यांत शिरणारी हवा. द्रव दाबला तर दबत नाही, हवा दबते. नळीत हवा असेल तर पंपाचा सारा जोर ती दाबण्यात जातो आणि फवारा उडत नाही.

मिस्त्रींनी पाचही तारा मीटर लावून तपासल्या. त्या ठीक होत्या. मग त्यांनी बॉनेटखालच्या लहानशा पारदर्शक गाळणीवर विजेरीचा झोत धरला आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. “या, बघा,” असे म्हणून त्यांनी बोलावले. गाळणीतून बुडबुड्यांची माळ वर चढत होती. परतीच्या डिझेलच्या कापडी वेष्टणाच्या नळ्या आणि गाळणीवरची एक रबरी कडी, एवढे बदलले. मजुरीसह हजार रुपयांच्या आत काम झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या फिरकीत इंजिन सुरू झाले. पुन्हा तेच: लोखंडाला काही झालेले नव्हते.

या प्रसंगातून मी जो नियम काढला तो असा: भाग बदलण्याआधी कारण शोधावे. हल्ली पुष्कळ ठिकाणी उलट चालते. संशयित भाग एकामागून एक बदलत जायचे; त्यात कधी तरी खरा भाग बदलला जातो आणि मोटार सुधारते. नव्या, हमी असलेल्या मोटारीत याचा खर्च कोणाला जाणवत नाही. जुन्या मोटारीत तो मालकाला बुडवतो, आणि मग मालक दुसऱ्या टोकाला जातो. म्हणजे कारण न शोधता जे त्रास देते ते काढूनच टाकतो. माझ्या मोटारीतला थर्मोस्टॅट असाच कोणीतरी काढून टाकलेला होता. इंजिनाचे पाणी सुमारे ८५ अंशांपर्यंत तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवणारी ती एक लहानशी झडप. ती अडकली की इंजिन तापते. म्हणून ती काढली की प्रश्न मिटला, असा हिशेब. पण त्यानंतर इंजिन कायम थंडच राहते, डिझेल अधिक पिते, धूर अधिक सोडते आणि आतून लवकर झिजते. चार-पाचशे रुपयांची झडप वाचवून इंजिनाचे आयुष्य खर्ची घालण्याचा हा प्रकार.

सुटे भाग मिळत नाहीत, अशी एक सार्वत्रिक तक्रार ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. या मोटारीच्या प्रत्येक भागाला दहा आकडी क्रमांक असतो, आणि खास तिच्यासाठी बनलेल्या भागांचा आरंभ बहुधा १२४ पासून होतो. तो क्रमांक म्हणजे भागाचा पत्ता. तो हाती असेल तर पुण्याचा मंगळवार पेठेतला जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, दिल्लीचे काश्मिरी गेट, बंगळूरचा जे. सी. रोड किंवा चेन्नईचे पुदुपेट्टै, कुठेही विचारता येते; नसेल तर केवळ “अमक्या मोटारीचे अमके” म्हणून फिरावे लागते आणि भलतेच गळ्यात पडते. शिवाय कारखाना सगळेच भाग स्वतः बनवीत नाही. बॉश, साक्स, लेमफर्डर अशा कंपन्या ते पुरवतात. त्यांच्याच पेटीतला तोच भाग चांदणीच्या पेटीतल्या भागाहून पुष्कळ स्वस्त मिळतो. मात्र नाव नसलेल्या पेटीतले रबर घेऊ नये. ते वर्षभरात पुन्हा मरते, आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

२०१८ च्या अखेरीस माझी बदली दिल्लीला झाली. त्या शहरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली मनाई केली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑक्टोबरात ती उचलून धरली होती. मोटार पुण्यास वडिलांच्या घरी राहिली. मला याचा राग आला नाही. हिवाळ्यात दिल्लीची हवा ज्याने छातीत भरून घेतली आहे त्याला तो येणारही नाही. जुन्या मोटारीचा आनंद मालकाचा एकट्याचा असतो. तिचा धूर मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटला जातो. म्हणूनच ज्याला ती ठेवायची असेल त्याने ती थोडी चालवावी आणि नीट राखावी, हे कर्तव्य त्याच्यावर दुप्पट येते.

वडिलांनी मात्र मोटारीची फार काळजी घेतली. दर रविवारी ते तिच्यावरील आच्छादन काढीत, इंजिन पाच मिनिटे चालू ठेवीत आणि पुन्हा झाकून ठेवीत. सव्वादोन वर्षे हा नेम चुकला नाही. २०२१ च्या आरंभी मी परत आलो तेव्हा बॅटरी मेलेली, ब्रेकच्या तबकड्यांवर गंज, टायरांना एका बाजूला चपटेपणा आणि धूर जाण्याच्या नळीत पाणी साचून ती आतून कुजलेली. मिस्त्रींनी मला बाजूला घेऊन कारण सांगितले. इंधन जळताना पाण्याची वाफ होते. इंजिन पुरते तापले तर ती बाहेर निघून जाते. पाच मिनिटांत ते तापत नाही, म्हणून वाफ आतच पाणी होऊन राहते, नळीतही आणि तेलातही. सुरू करताना बॅटरीतून जेवढी वीज खर्च होते तेवढीही पाच मिनिटांत परत भरत नाही. मोटार चालवायची तर निदान अर्धा तास रस्त्यावर चालवावी. नाहीतर बॅटरीची तार काढून तिला स्वस्थ उभी राहू द्यावी. हे सांगून ते म्हणाले, “पण आजोबांना यातलं काही सांगू नका, साहेब. त्यांनी मनापासून केलंय.” मी सांगितले नाही. वडील आता नाहीत, म्हणून आज बोलतो आहे.

मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी होऊन ती नव्याने करावी लागते. माझ्या मोटारीची नोंदणी २०२१ साली पुन्हा झाली. तेव्हा मूळ शुल्क सहाशे रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार झाले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी दहा हजार ठरले. राज्याचा पर्यावरण कर निराळा. ज्याला हा विचार पसंत असेल त्याने हे आकडेही चाऱ्याच्या हिशेबात धरावेत.

कोणी मला विचारले, अशी मोटार घेऊ का, तर मी तीन गोष्टी सांगतो. पहिली, जेवढी किंमत द्याल तेवढीच रक्कम बाजूला ठेवता येत असेल तरच घ्या. दुसरी, मोटार पाहायला सकाळी जा आणि विकणाऱ्याला आधी सांगून ठेवा की इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड मोटार खरे बोलते. तिसरी, मोटार शोधण्याआधी मिस्त्री शोधा.

ही तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. आमच्या मिस्त्रींच्या मुलाने दुसरा व्यवसाय धरला. त्यांच्या हाताखाली एक मुलगा होता, हुशार, पण संगणकाने दाखवलेल्या आकड्यावर भरवसा ठेवणारा. मिस्त्रींचे सारे ज्ञान कानात आणि बोटांत होते. ते लिहून ठेवण्याची त्यांना सवय नव्हती. आपल्या देशातील किती कसब असे एका माणसाबरोबर येते आणि त्याच्याबरोबरच जाते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला निराळे सांगायला नको. मी एवढेच केले. माझ्या वहीतला ‘का बदलले’ हा रकाना मोठा केला. मोटार तिथे गेली की मी स्टुलावर बसून राही, आणि ते जे बोलत ते त्यांच्याच शब्दांत उतरून घेई. कोणता आवाज कुठून येतो, काय आधी तपासायचे, काय उगाच उघडायचे नाही. त्यांना प्रथम याची गंमत वाटे. पुढे ते स्वतःच म्हणू लागले, “साहेब, हे लिहा.”

२०२३ साली त्यांनी काम थांबवले. डोळ्यांना दिसेनासे झाले होते. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मी तेल बदलून घ्यायला गेलो तेव्हा गॅरेजात दुसरीच एक डिझेल मोटार उभी होती. तिच्या मालकाच्या हातात छापील अंदाजाचा एक कागद होता. तो मुलगा कागदाकडे पाहत उभा होता. मला पाहून त्याने विचारले, “साहेब, ती वही गाडीत आहे का?” मी दिली. त्याने पाने उलटली, एका पानावर थांबला, मग वही बाजूला ठेवून त्या मालकाकडे वळला आणि म्हणाला, “त्रास सकाळीच होतो, की दुपारी गरम असतानाही?”

वही मी त्या दिवशी तिथेच ठेवून आलो. माझ्यासाठी दुसरी घातली आहे.